प्रोटीन आठवड्या-दोन आठवड्यात बदलते, मंग आठवण वर्षानुवर्षं कशी टिकते?

झूलॉजीवाली_पोट्टी

नमस्कार सगळ्यांना. एम.एस्सी. झूलॉजी करून राहिली, नागपूरातच, पुढच्या आठवड्यात डिपार्टमेंटला सेमिनार आहे, विषय मेमरी आणि न्यूरॉनमधलं सिग्नलिंग. स्लाइड जवळपास तयार आहेत पण एका ठिकाणी गाडी अडकली, म्हणून इथे विचारून राहिली, कारण नेटवर पाहिलं तर एकतर लहान पोट्ट्यांसाठी लिहिलेलं सापडते नाहीतर पूर्ण डोक्यावरून जाणारं.

जिथपर्यंत समजलं ते आधी टाकते. न्यूरोसायंटिस्ट एरिक कँडलनी अप्लिसिया नावाची समुद्री गोगलगाय घेतली कारण तिच्यात न्यूरॉन फक्त २०,००० च्या आसपास आणि त्यातले काही इतके मोठे की नुसत्या डोळ्यानं दिसतात. माणसाच्या मेंदूत ८,६०० कोटी, तिथे कोणता न्यूरॉन कोणाशी बोलून राहिला हे कोण शोधणार. तिच्या सायफनला (पाणी बाहेर सोडायची नळी) हात लावला की ती कल्ला आत ओढून घेते. शेपटीला एक शॉक दिला की मग पुढे काही मिनिटं नुसतं टेकवलं तरी जोरात ओढते. मधे वेळ सोडून चार-पाच शॉक दिले तर हे काही दिवस टिकते, आणि असंच चार दिवस लागोपाठ केलं तर काही आठवडे.

आत काय होते तर शॉकमुळे सिरोटोनिन सुटते, त्यानं सेन्सरी न्यूरॉनमधे सायक्लिक एएमपी (पेशीच्या आतला निरोप्या रेणू) वाढते, पीकेए नावाचा काइनेज, म्हणजे दुसऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट बसवणारं प्रोटीन, चालू होतो, पोटॅशियमचे काही चॅनल बंद होतात, सिग्नल लांबतो, कॅल्शियम जास्त आत येते आणि पुढच्या न्यूरॉनला सिग्नल देणारं ग्लुटामेट जास्त सुटते. यात नवीन काही बनत नाही, आहे त्याच प्रोटीनवर फॉस्फेट बसते. लांबच्या आठवणीत मात्र पीकेए न्यूक्लियसपर्यंत जाते, क्रेब (जीन चालू करणारं प्रोटीन) चालू होते, नवीन जीन वाचले जातात, प्रोटीन बनते आणि सायनॅप्सची, म्हणजे दोन न्यूरॉन जिथे जुळतात त्या जागेची, नवीन टोकं उगवतात, बेली आणि चेन यांनी मोजली तर जवळपास दुप्पट भरली. प्रोटीन बनणं औषधानं थांबवलं तर थोड्या वेळाची आठवण बनते पण लांबची बनतच नाही. इथपर्यंत मस्त.

आता रिहर्सलला मॅडमनी विचारलं, "नवीन प्रोटीन बनलं हे ठीक, पण प्रोटीन काय अमर असते का?" आणि खरंच, सायनॅप्समधली बहुतेक प्रोटीनं काही दिवसांत नाहीतर काही आठवड्यांत तुटतात, त्यांच्या जागी नवीन येतात. मंग मला पहिलीतल्या बाईंचा चेहरा अजून आठवते तो कशात ठेवला आहे? ज्या प्रोटीनवर ते फॉस्फेट बसलं होतं ते तर कधीचंच कचऱ्यात गेलं. कँडलच्या गोष्टीत याचं उत्तर मला सापडून नाही राहिलं. कोणाला माहीत असेल तर सांगा, थोडं सोपं करून.

फार्मावाला_रेसिडेंट

मॅडम भारी आहेत तुमच्या, त्यांना माझा नमस्कार सांगा. हाच प्रश्न फ्रान्सिस क्रिकनी १९८४ मधे विचारला होता, हो तोच डीएनएवाला, नेचरमधे अगदी छोटं टिपण आहे. त्याचं म्हणणं असं की आठवण वर्षानुवर्षं टिकते आणि रेणू तेवढे टिकत नाहीत, तर मग रेणूंची जोडणीच अशी पाहिजे की एकेक रेणू बदलला तरी एकूण अवस्था बदलायला नको. त्यानं कल्पना मांडली की रेणू जोडीनं राहत असतील, दोघांवरही खूण असेल, एक तुटून नवीन कोरा आला की जुना जोडीदार त्याच्यावर खूण करून देईल. नंतर जुना गेला तरी आता नव्यावर खूण आहेच.

जॉन लिस्मनही १९८५ मधे साधारण याच मार्गानं गेला, आणि मग लोकांची नजर गेली कॅमके-टू वर. हे कॅल्शियमनं चालू होणारं काइनेज, याचे बारा तुकडे एकत्र राहतात आणि एक तुकडा शेजारच्या तुकड्यावर फॉस्फेट लावू शकतो, म्हणजे कॅल्शियम निघून गेलं तरी हे चालू राहू शकते. क्रिकनी कागदावर मांडलेलं तेच हातात आल्यासारखं झालं. १९९८ मधे उंदरांत याच फॉस्फेटच्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललं तर हिप्पोकॅम्पस (मेंदूचा नवीन आठवण बनवणारा भाग) मधलं एलटीपी, म्हणजे जोरात वापरल्यावर सायनॅप्स बराच वेळ जोरदार राहणं, गेलं आणि पाण्याच्या टाकीत लपलेला प्लॅटफॉर्म कुठे आहे ते उंदरांना शिकता नाही आलं.

एलटीपी स्लाइडमधे असेलच, नसेल तर टाका. ब्लिस आणि लोमो, ओस्लो, १९७३, ससा. जोरात पटापट सिग्नल दिला की तोच सायनॅप्स पुढे कित्येक तास जास्त उत्तर देत राहते. गोगलगायीवरून एकदम माणसावर उडी मारली तर कोणीतरी पकडणारच तुम्हाला, मधे ससा-उंदीर पाहिजेत.

पण कॅमके-टू मधे एक भानगड निघाली. जिवंत सायनॅप्समधे त्याची ॲक्टिव्हिटी बघायची सोय झाली तेव्हा दिसलं की ते चालू होते आणि एक-दोन मिनिटांत परत खाली येते. म्हणजे आठवण बनवायला लागते हे नक्की, पण चालू राहून ती सांभाळून ठेवते हे तितकं सरळ नाही. ड्यूटी आहे, पुढचं रात्री लिहितो, पीकेएम-झीटा नावाचा प्रकार आहे, तोपर्यंत तेवढा वाचून ठेवा.

नीट_ड्रॉपर

दादा हे झीटा कुठल्या मेडिकल स्टोअरमधे भेटते, सीताबर्डीला चालेल 😂 बायोचं एनसीईआरटी तिसऱ्यांदा वाचून राहिलो अन् बंद केलं की साफ. घरच्यांनी कोणती तरी मेमरी पावडर आणली आहे प्रोटीनवाली, दुधात घालून रोज सकाळी, चव एकदम बेकार

फार्मावाला_रेसिडेंट

@नीट_ड्रॉपर पावडरमधलं प्रोटीन पोटात जाऊन पचते बावा, त्याचे अमिनो आम्ल होतात, ते प्रोटीन म्हणून सायनॅप्सपर्यंत पोचत नाही. सायनॅप्स आपलं प्रोटीन आपणच बनवते, काही तर न्यूक्लियसपासून दूर डेन्ड्राइटमधेच (न्यूरॉनच्या फांदीतच) बनते कारण एमआरएनए (जीनची नक्कल) तिथपर्यंत आधीच पाठवलेला असतो. दूध पी, पावडर राहू दे.

हां तर झीटा. पीकेसी नावाच्या काइनेजमधे दोन भाग असतात, एक काम करणारा आणि एक त्याला दाबून ठेवणारा. सिग्नल आला की दाबणारा सरकतो, काम होते, सिग्नल गेला की परत गप्प. पीकेएम-झीटा मधे तो दाबणारा भागच नाही, त्याचा एमआरएनए वेगळा आहे, त्यामुळे एकदा बनला की चालूच. टॉड सॅक्टर नावाचे न्यूरोसायंटिस्ट आहेत, ब्रुकलिनच्या सनी डाउनस्टेटला, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून माणूस याच एका रेणूच्या मागे लागला आहे. मला अशी माणसं आवडतात, आपल्याकडे तर थीसिस संपला की विषयाचं तोंड नाही पाहत कोणी.

याचं काम काय, तर सायनॅप्सच्या ऐकणाऱ्या बाजूला जे ग्लुटामेट पकडणारे अँपा रिसेप्टर असतात ते आत ओढले जाऊ नयेत हे बघणं. रिसेप्टर जास्त टिकले की तेवढ्याच ग्लुटामेटला उत्तर जास्त. २००६ मधे सॅक्टर, आंद्रे फेन्टन आणि मंडळींनी सायन्समधे जो पेपर काढला त्यानं धमाल उडवली होती. उंदीर गोल फिरणाऱ्या थाळीवर, खोलीतल्या एका ठराविक भागात गेलं की पायाला हलका शॉक, उंदीर तो भाग टाळायला शिकतो आणि ते त्याला महिनाभरानंतरही आठवते. मग हिप्पोकॅम्पसमधे झिप नावाचं एक छोटं पेप्टाइड सोडलं, जे झीटाला अडवते असं तेव्हा समजत होते. उंदीर सरळ शॉकच्या भागात फिरायला लागला. महिन्याभराची आठवण गायब. आणि मेंदू खराब झाला म्हणावं तर तेही नाही, कारण तोच उंदीर नंतर परत शिकू शकत होता.

म्हणजे तुमच्या मॅडमच्या प्रश्नाला उत्तर, आठवण एकदा लिहून ठेवलेली नसते, कोणीतरी सतत चालू राहून ती धरून ठेवते.

महालातले_मास्तर

वाचून मजा आली. मी शाळेत जीवशास्त्र शिकवत होतो, आता रिटायर. आमच्या वेळेस "मेंदूत आठवण साठते" एवढ्यावर प्रकरण संपायचं आणि पोरंही कधी विचारत नव्हती की साठते म्हणजे नेमकं कुठे.

बेटा, सेमिनारला समोरचे सगळे नागपूरचेच असतील तर मारबतचं उदाहरण दे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी मारबत, पिवळी मारबत निघते, गावभर "घेऊन जा गे मारबत" होते आणि शेवटी जाळून टाकतात. म्हणजे वस्तू म्हणून मारबत एका वर्षाच्या वर राहतच नाही. बांबू नवीन, कागद नवीन, रंग नवीन, दोन पिढ्यांपूर्वी जे हात लावत होते ते हातही आता नाहीत. तरी शंभराहून जास्त वर्षं काळी ती काळीच आणि पिवळी ती पिवळीच, कोणी म्हणत नाही की ही दुसरीच कोणती आली. एक माणूस जायच्या आधी दुसऱ्याला शिकवून जातो, क्रिक साहेब ज्याला खूण म्हणतात ती हीच असावी असं मला वाटते.

चूक असेल तर तरुण मंडळींनी सांगावं.

बायोकेम_दीदी_आता_बंगलोर

मास्तर, मारबत एकदम बसलं, मी माझ्या लॅबमधे सांगणार आहे, इथे कोणाला कळणार नाही ती गोष्ट वेगळी.

पण रेसिडेंट भाऊ, तुम्ही गोष्ट २००६ वर आणून सोडली आणि पुढचं सांगितलंच नाही, सेमिनारला कोणी हात वर केला तर या पोरीची पंचाईत होईल. २०१३ मधे नेचरच्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या लॅबचे पेपर आले, त्यातली एक जॉन्स हॉपकिन्सची. दोघांनी काय केलं तर ज्यांच्यात पीकेएम-झीटाचा जीनच नाही असे उंदीर बनवले. ते उंदीर मजेत शिकले, त्यांचं एलटीपी नीट, आठवण नीट. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या उंदरांना झिप दिलं तरी आठवण पुसली गेली! जे अडवायचं ते अंगातच नाही आणि तरी औषध काम करते, म्हणजे झिप दुसऱ्याच कशावर तरी काम करून राहिलं. तेव्हा सगळीकडे हेच चाललं होतं की संपलं झीटाचं प्रकरण.

सॅक्टरनी सोडलं नाही. २०१६ मधे त्यांच्या गटानं दाखवलं की जीन जन्मापासूनच काढला तर त्याच घरातला दुसरा काइनेज, पीकेसी आयोटा/लॅम्डा, त्याची जागा घेतो. मग तपासायचं कसं? त्यांनी झिपचा नादच सोडला आणि झीटाच्या एमआरएनएला अडवणारा अँटीसेन्स तुकडा वापरला. साध्या उंदरांत आठवण बिघडली, झीटा नसलेल्या उंदरांत काहीच फरक नाही. हे मला फार आवडते कारण यात कंट्रोल म्हणून त्यांच्या विरोधात वापरलेलाच उंदीर आहे.

तरी मूळ अडचण राहतेच. झीटा सुद्धा प्रोटीनच, तोही तुटणार. आणि एका न्यूरॉनवर हजारो सायनॅप्स, आठवणीत त्यातले थोडेच सामील. नवीन बनलेल्या झीटाला कसं कळणार की नेमकं कुठे जाऊन बसायचं? मारबतमधे शिकवून जाणारा माणूस कोण, हा प्रश्न मास्तरांच्या उदाहरणातही उरतोच बघा. त्याचं उत्तर २०२४ च्या सायन्स ॲडव्हान्सेसच्या पेपरमधे आहे, परत सॅक्टर आणि फेन्टनच. किब्रा नावाचं एक प्रोटीन आहे, किडनी आणि ब्रेन या दोन्हींत सापडते म्हणून ते नाव. माणसांमधे या जीनच्या वेगवेगळ्या रूपांचा आठवण चांगली-वाईट असण्याशी संबंध आहे असं २००६ पासूनच म्हटलं जात होतं. हे किब्रा जोरात वापरल्या गेलेल्या सायनॅप्सवर जाऊन बसते आणि झीटाला तिथे धरून ठेवते. झीटा तुटला तर नवीन झीटाला तेच जागेवर ओढते. त्यांनी या दोघांची पकड सोडवणारं औषध दिलं तर साध्या उंदरांची महिन्याभराची जुनी आठवण सुद्धा बिघडली, आणि झीटा नसलेल्या उंदरांवर त्याच औषधाचा परिणाम नाही.

म्हणजे ना एकटं किब्रा आठवण, ना एकटा झीटा. दोघांची जोडी टिकणं ही आठवण. क्रिकनी चाळीस वर्षांपूर्वी जे म्हटलं होतं त्याच्या बरंच जवळ येते हे.

झूलॉजीवाली_पोट्टी

बाप रे, एवढं सगळं. खूप खूप थँक्यू सगळ्यांना, मास्तर काका मारबत नक्की घेणार, मॅडम इतवारीच्याच आहेत, खूश होतील.

दीदी एक विचारू का, मंग कँडलच्या गोगलगायीत पण किब्राच असते का? का तिथे वेगळं काही आहे? कारण माझ्या अर्ध्या स्लाइड अप्लिसियावर आहेत, त्या टाकून कशा देऊ, दोन रात्री जागून चित्रं काढली आहेत.

बायोकेम_दीदी_आता_बंगलोर

काहून टाकतेस, ठेव. उलट कँडलच्या लॅबमधूनच या प्रश्नाचं एक वेगळं आणि जरा विचित्र उत्तर निघालं. कौशिक सी तेव्हा तिथे होते, २००३ मधे सेलमधे पेपर आला. सीपीईबी नावाचं प्रोटीन आहे, ते सायनॅप्सजवळ झोपलेल्या एमआरएनएला जागं करून प्रोटीन बनवायला लावते. त्यांना दिसलं की अप्लिसियाच्या सीपीईबीचा एक तुकडा प्रायॉनसारखा आहे. प्रायॉन म्हटलं की मॅड काऊ आठवते, एक वाकडं झालेलं प्रोटीन शेजारच्या सरळ प्रोटीनला वाकडं करते आणि हे पसरतच जाते. पण इथे तेच चांगल्या कामाला लावलेलं. सिरोटोनिननं सीपीईबी त्या अवस्थेत गेलं की ते नवीन आलेल्या सीपीईबीलाही त्याच अवस्थेत ओढते, जुनं तुटलं तरी अवस्था चालू, आणि त्या सायनॅप्सला प्रोटीनचा पुरवठा चालू.

हे ऐकून तेव्हा बऱ्याच लोकांनी नाक मुरडलं होतं. नंतर कौशिक सी यांनी माशीत, फळांवर बसते त्या ड्रोसोफिलात, तसंच ऑर्ब-टू नावाचं प्रोटीन दाखवलं आणि २०२० मधे माशांच्या मेंदूतून ते काढून त्याची रचना सुद्धा काढली, चक्क अमायलॉइड. अल्झायमरमधे ज्या जातीच्या गाठी होतात त्याच जातीची घडी, पण ही उपयोगाची. मला विचारशील तर या सगळ्या विषयात मला हा सगळ्यात सुंदर वाटतो, किब्रापेक्षा सुद्धा, भले माणसात तो किती लागू पडेल यावर वाद असो.

म्हणून स्लाइडचा क्रम असा ठेव, आधी अप्लिसिया, मग मॅडमचा प्रश्न जसाच्या तसा त्यांच्याच शब्दांत, मग क्रिक, मग कॅमके-टू, झीटा-किब्रा आणि सीपीईबी. एकच खरा असं म्हणू नको. तिन्हीत डोकं एकच आहे, जुन्यानं नव्याला आपल्यासारखं करून घ्यायचं. रॉजर त्सियेननी तर २०१३ मधे म्हटलं होतं की आठवण न्यूरॉनच्या आत शोधूच नका, त्याच्याभोवती जी जाळी असते, पेरिन्यूरोनल नेट, त्यातल्या भोकांच्या नक्षीत असेल, कारण ती जाळी फार सावकाश बदलते. एखादी ओळ टाक त्याची पण, बस.

वर्धा_रोड_वरून

माफ करा मधेच विचारतो, मी सायन्सचा नाही, दुकान आहे माझं. आईला अल्झायमर सांगितला आहे. तिला तिच्या माहेरचं, लहानपणचं सगळं आठवते, कोणत्या विहिरीवर पाणी भरायची ते सुद्धा, पण सकाळी जेवली हे दुपारी आठवत नाही. तुम्ही वरती लिहिलं की आठवण धरून ठेवणारा रेणू सापडला, तर त्याचं औषध येऊन राहिलं का?

फार्मावाला_रेसिडेंट

दादा, तुमच्या आईसारखं बऱ्याच पेशंटमधे दिसते. नवीन आठवण बनवायला हिप्पोकॅम्पस लागतो, आणि अल्झायमर सुरुवातीला तिथे आणि त्याच्या शेजारच्या भागातच जास्त मारतो. जुन्या गोष्टी तोवर वरच्या कॉर्टेक्समधे बऱ्यापैकी पसरलेल्या असतात म्हणून त्या उशिरापर्यंत राहतात. १९५३ मधे अमेरिकेत हेन्री मोलेझन नावाच्या पेशंटचं फिट्ससाठी ऑपरेशन केलं, दोन्ही बाजूचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढला, तेव्हा तो २७ वर्षांचा होता. फिट्स कमी झाल्या पण त्यानंतर नवीन माणूस, नवीन घटना त्याच्या लक्षात राहिलीच नाही, लहानपण मात्र आठवत होतं. ब्रेंडा मिल्नरनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, रोज त्याचा हात सुधारत गेला आणि रोज तो म्हणायचा की हे मी आधी कधी केलंच नाही. म्हणजे हाताची सवय वेगळ्या ठिकाणी राहते. आईला भाजी निवडणं, वाती वळणं असं हातचं काम जमत असेल तर करू द्या, आणि "आत्ताच तर सांगितलं" असं म्हणू नका, तिच्यासाठी ते आत्ताच सांगितलेलं नसतेच.

औषधाचं सरळ सांगतो, किब्रा-झीटावर माणसासाठी आज काही औषध नाही, उंदराच्या पुढे ते गेलेलं नाही. कोणी त्या नावानं काही विकत असेल तर घेऊ नका. डोनेपेझिल सारखी गोळी चालू असेल तर ती ॲसिटिलकोलिन हा मेंदूतला सिग्नलचा रेणू लवकर तुटू देत नाही, त्यानं काही जणांना थोडा फरक पडतो, पण रोग थांबत नाही. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा, ऐकू कमी येते का तेही बघा, या गोष्टींनी विसरणं वाढते आणि त्या सुधारता येतात. न्यूरॉलॉजीची ओपीडी सोडू नका.

वर्धा_रोड_वरून

समजलं. वाती वळते ती अजून, भराभर. धन्यवाद डॉक्टर.

नीट_ड्रॉपर

ओके पावडर कॅन्सल. पण सिरियसली विचारतो, या सगळ्यातून मला काही फायदा आहे का? पेपर लिहायला मे महिन्यात जायचं आहे, उन्हातच अर्धी आठवण वितळून जाते

बायोकेम_दीदी_आता_बंगलोर

आहे ना. वरती गोगलगायीचं वाचलं का, तेच शॉक दिवसांवर पसरून दिले तर आठवड्यांपर्यंत टिकते. आत जीन चालू होणं, प्रोटीन बनणं, सायनॅप्स वाढणं याला वेळ लागतो, एका रात्रीत चार चॅप्टर कोंबले तर तो वेळ भेटतच नाही. आणि तिसऱ्यांदा वाचण्यापेक्षा पुस्तक बंद करून आठवून लिही. २००६ मधे रोएडिगर आणि कार्पिकी यांनी कॉलेजच्या पोरांवर केलं होतं, पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे, पण आठवड्यानंतर विचारलं तर स्वतःची टेस्ट घेणारे पुढे. तू बंद केलं की साफ म्हणतोस ना, तिथूनच सुरू कर, जे आठवलं नाही तेवढंच उघडून बघ.

झोप पण घे रे. १९९४ मधे विल्सन आणि मॅकनॉटन यांनी दाखवलं की उंदीर दिवसा फिरताना हिप्पोकॅम्पसमधले जे न्यूरॉन सोबत बोलत होते तेच झोपेत परत सोबत बोलतात. रात्रभर जागून तू तेच कापून टाकतोस. आणि टेन्शनबद्दल आमच्या बंगलोरचंच काम आहे, एनसीबीएस संस्थेच्या सुमंत्र चटर्जींच्या गटाचं, २००२ चं. उंदरांना बरेच दिवस ताण दिला तर हिप्पोकॅम्पसमधल्या न्यूरॉनच्या फांद्या आखडल्या, आणि भीतीचं काम बघणाऱ्या अमिग्डालामधे उलट वाढल्या. तुझ्या घरच्यांना दाखव हे, पावडरच्या पैशात कूलरची खस बदलून द्या म्हणावं.

महालातले_मास्तर

दीदी, एक शंका. आपण आठवण परत परत काढतो तेव्हा ती पक्की होते असं तू म्हणतेस. पण मी मित्रांसोबत बसून जुने किस्से सांगतो तर दर वेळेस थोडं वेगळं सांगितल्या जाते, बायको टोकते की मागच्या वेळेस बसमधे होता, या वेळेस सायकलवर कसा. हे काय मग?

बायोकेम_दीदी_आता_बंगलोर

काकू बरोबर आहेत 😄 करीम नादेर यांचं २००० सालचं काम आहे, न्यूयॉर्कला, लेडू यांच्या लॅबमधे. उंदराला आवाज आणि शॉक यांची जोडी शिकवली, आठवण पक्की होऊ दिली, मग नुसता आवाज ऐकवून ती आठवण वर काढली आणि लगेच अमिग्डालामधे प्रोटीन बनणं थांबवणारं औषध दिलं. जुनी, पक्की झालेली आठवण बिघडली. आवाज न ऐकवता औषध दिलं तर काहीच नाही झालं. म्हणजे आठवण बाहेर काढली की ती काही तास कच्ची होते आणि परत पक्की व्हायला तिला नवीन प्रोटीन लागते. त्या मधल्या वेळात बस जाऊन सायकल येऊ शकते. प्रत्येक किश्श्यात असंच होते असं नाही, खूप जुन्या आणि घट्ट आठवणी इतक्या सहज कच्च्या होत नाहीत, पण होऊ शकते.

@झूलॉजीवाली_पोट्टी हे तुझ्या सेमिनारला नको, वेळ पुरणार नाही. पण मॅडम विचारतील, "प्रोटीन सिंथेसिस फक्त शिकतानाच लागते का?" तेव्हा हे खिशात असू दे.

झूलॉजीवाली_पोट्टी

लिहून ठेवलं. झिपच्या स्लाइडवर २००६ च्या खाली २०१३ पण टाकला, लाल अक्षरात. आणि कॅमके-टूचं बारा तुकड्यांचं चित्र हातानं काढून राहिली, नेटवरचं प्रोजेक्टरवर फुटते.

महालातले_मास्तर

बाहेरच्या माणसाला येऊन बसता येते का गं तुमच्या डिपार्टमेंटला? मागच्या बाकावर बसेन, प्रश्न विचारणार नाही.

झूलॉजीवाली_पोट्टी

या ना काका, मॅडमना सांगून ठेवते. दुपारी अडीचला आहे आणि हॉलमधला एक पंखा बंद आहे, डाव्या बाजूला बसा. आणि एखादा प्रश्न विचाराच, सोपा.